कॅमेरा वर, डोळे खाली

टिकली लाल होती, मध्यम आकाराची. माझ्या सहा नंबरच्या मशीनच्या मॉनिटरवर, वेबकॅमच्या अगदी शेजारी ती चिकटवलेली होती. साल २००१, पावसाळ्याचे दिवस. सदाशिव पेठेत माझं सायबर कॅफे होतं: दोनशे चौरस फुटांचा गाळा, प्लायवूडची पार्टिशनं घालून केलेल्या आठ केबिन आणि दाराशी माझा गल्ला. रात्री शटर ओढायच्या आधी मी सगळे मॉनिटर ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचो. टिकली खरवडायला नख लावलं आणि थांबलो, कारण ती कुणाची हे ध्यानात आलं.

दर रविवारी सकाळी साडेआठला एक काकू यायच्या. मुलगा न्यू जर्सीला. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र. याहू मेसेंजर लावून, हेडफोन त्यांच्या अंबाड्यावरून नीट बसवून मी बाहेर यायचो. एकदा अर्धा तास झाल्यावर त्या गल्ल्याशी आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “अरे, हा माझ्याकडे बघतच नाही. सारखी मान खाली घालून बोलतो. काही लपवत तर नसेल?” मी समजावलं, “काकू, कॅमेरा मॉनिटरच्या वर बसवलेला असतो आणि तुमचा चेहरा त्याला खाली पडद्यावर दिसतो. तो तुमच्याकडेच बघतो, म्हणून कॅमेऱ्याला त्याचे डोळे खाली गेलेले दिसतात.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, “म्हणजे मीही त्याला तशीच दिसते?”

पुढच्या रविवारी त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. कॅमेऱ्यालगत एक टिकली लावली आणि अर्धा तास त्या टिकलीशी बोलल्या. मुलाला आपली आई आपल्या डोळ्यांत बघते आहे असं दिसलं. पण त्या अर्ध्या तासात काकूंनी मुलाचा चेहरा पाहिला नाही.

मी मुळात चित्रकलेचा विद्यार्थी. अभिनव कला महाविद्यालयातून जी. डी. आर्ट केलं आणि पोटासाठी कॅफे टाकलं. कॅफे दहा वर्षं चाललं. बंद झाल्यावर मी कलेचा इतिहास वाचायला आणि शिकवायला लागलो, आणि व्हिडिओ आर्ट नावाची जी कला आहे तिच्यात मला पुन्हा पुन्हा ती टिकली दिसायला लागली. कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर असतं. त्या चार बोटांत माणसाचं काय होतं, हे या कलेनं पन्नासहून अधिक वर्षं पाहिलं आहे. इंटरनेट तिच्या निम्म्या वाटेवर आलं.

सुरुवात यंत्रापासून करावी लागते. फिल्म धुवावी लागते. आज चित्रण केलं तर ते काही दिवसांनी दिसतं. व्हिडिओत तसं नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सोनीनं खांद्यावर बाळगता येईल असा व्हिडिओ संच बाजारात आणला आणि स्टुडिओबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःला पडद्यावर त्याच क्षणी हलताना पाहता आलं. चित्रकाराला आरसा नवा नव्हता. पण हा आरसा डाव्याचं उजवं करत नव्हता, हवा तिथे ठेवता येत होता आणि जे पाहिलं ते लक्षातही ठेवत होता.

सोलमध्ये १९३२ साली जन्मलेला नाम जून पाइक मूळचा संगीताचा माणूस. जर्मनीत असताना, १९६३च्या मार्चमध्ये, वुपरटाल या गावी त्यानं बिघडवलेले टीव्ही संच प्रदर्शनात मांडले. पण माझ्या विषयाचा पाया म्हणजे त्याची १९७४ची ‘टीव्ही बुद्ध’ ही रचना. बुद्धाची एक जुनी मूर्ती, तिच्यासमोर टीव्ही आणि टीव्हीच्या मागे मूर्तीकडे रोखलेला कॅमेरा. कॅमेऱ्यातलं चित्र थेट टीव्हीवर. बुद्ध स्वतःला बघतो आहे आणि पडद्यावरचा बुद्ध त्याला बघतो आहे. हे ध्यान आहे की स्वतःत अडकणं, याचं उत्तर पाइकनं दिलेलं नाही. मूर्तीचे डोळे मात्र हलत नाहीत. आपलं माणूस तिथे बसवलं असतं तर दोन मिनिटांत त्यानं केस सारखे केले असते.

त्याआधी तीन वर्षं, १९७१ साली, न्यूयॉर्कच्या व्हिटो अकोन्चीनं ‘सेंटर्स’ नावाची व्हिडिओफीत केली होती. तो कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, समोरच्या मॉनिटरवर स्वतःला पाहतो आणि पडद्याच्या बरोबर मध्यावर बोट रोखून धरतो. वीस मिनिटांहून अधिक वेळ. हात थकतो, बोट थरथरतं, तो पुन्हा मध्य साधतो. त्याच्या लेखी तो स्वतःकडे बोट दाखवतो आहे. फीत पाहताना ते बोट आपल्यावर रोखलेलं असतं. रोझलिंड क्राउस या समीक्षिकेनं १९७६ साली ‘ऑक्टोबर’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात याच फितीपासून सुरुवात करून एक गाजलेला निबंध लिहिला. व्हिडिओचं खरं माध्यम फीत किंवा यंत्र नव्हे, तर आत्ममग्नता आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. निबंध फार ताकदीचा आहे. तरीही मला तो पूर्ण पटत नाही. माझ्या केबिनमध्ये माणसं मॉनिटरच्या कोपऱ्यातल्या आपल्या छोट्या चौकटीकडे सारखी बघायची, हे खरं. पण त्यातले बहुतेक स्वतःवर भाळलेले नसायचे. समोरच्याला आपण बरे दिसतो ना, एवढीच त्यांची काळजी असायची. डोळ्यांखाली काळं दिसू नये म्हणून एक मुलगा दर वेळी दिव्याखालची केबिन मागायचा. त्याला स्वतःची नाही, पलीकडच्या घराची चिंता होती.

या इतिहासात मला सर्वांत जवळचं वाटणारं काम इंटरनेटच्या आधीचं आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या सेडी बेनिंग यांना पंधराव्या वर्षी वडिलांनी एक खेळण्यातला कॅमेरा दिला. वडील चित्रपटकार जेम्स बेनिंग. हा कॅमेरा फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीनं १९८७ साली काढला होता आणि तो साध्या ऑडिओ कॅसेटवर चित्र नोंदवायचा. चित्र काळंपांढरं, चौकोनी दाण्यांचं, धुरकट. पण त्याच्यात एक गुण होता. अगदी नाकाजवळ आणला तरी तो चित्र धरायचा. बेनिंग यांनी आपल्या झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि त्या कॅमेऱ्याशी बोलायला सुरुवात केली. एक डोळा. ओठांचा कोपरा. हातानं लिहिलेली चिठ्ठी भिंगासमोरून सरकते. आपण मुलींवर प्रेम करतो हे त्या वयात कुणाला सांगायचं? ते या खेळण्याला सांगितलं. १९९० आणि १९९२च्या सुमारास झालेल्या त्यांच्या या फिती आज संग्रहालयांत आहेत. बंद खोली, एकटं किशोरवय आणि हाताएवढ्या अंतरावरचा कॅमेरा. पुढे पंधरा वर्षांनी जगभरातल्या लाखो मुलामुलींनी जे केलं, त्याचा सगळा नकाशा इथे आहे. पलीकडे लगेच बघणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. बेनिंग यांच्या फिती मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा वर्गात मोबाइल आपोआप खाली ठेवले जातात.

१९९५च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९६मध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामध्ये शिकणाऱ्या जेनिफर रिंग्ली या विद्यार्थिनीनं वसतिगृहातल्या आपल्या खोलीत वेबकॅम लावून तो कायमचा सुरू ठेवला. ठरावीक मिनिटांनी एक स्थिर चित्र जगाला दिसायचं, बहुतेक वेळा रिकाम्या खोलीचं. २००३च्या अखेरीस तिनं ते बंद केलं. ती स्वतःला कलावंत म्हणवत होती की नाही याला फारसा अर्थ नाही. कलावंतांनी तिच्यापासून एक गोष्ट उचलली. पलीकडे कुणीतरी बघत असेल, एवढ्या भरवशावर माणूस दिवस काढू शकतो.

आमच्या कॅफेत तोवर टंकलेखनाचं काम वाढलं होतं. अनेकांना कीबोर्ड चालवता यायचा नाही. देवनागरी फॉन्ट एका मशीनवर उमटायचा आणि दुसऱ्यावर त्याचे चौकोन व्हायचे, म्हणून मी रोमन अक्षरांत मराठी पत्रं टाइप करायचो. एक गृहस्थ दुबईतल्या भावाला पत्र सांगताना मध्येच थांबले आणि म्हणाले, “हे वाक्य नको, तुमच्यासमोर बरं वाटत नाही.” मुंबईच्या जीपीओसमोर ताडपत्रीखाली बसणाऱ्या पत्रलेखकांनी अशी किती वाक्यं गिळलेली पाहिली असतील!

म्हणूनच मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं २००१ सालचं ‘सेंटिमेंट एक्स्प्रेस’ हे काम मला पुढे कळलं तेव्हा मी चकित झालो. गुप्ता जे. जे.मध्ये शिल्पकला शिकल्या. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्या वर्षी महानगरांवरचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात मुंबईच्या दालनात हे काम होतं. प्रेक्षकानं संगणकावरून आपलं प्रेमपत्र सांगायचं आणि इकडे भारतात ते कुणीतरी हातानं लिहून पाठवायचं. कॉल सेंटरांचा तो काळ. दूरदेशीचं काम स्वस्तात करून द्यायला इथली माणसं रात्रपाळीला बसत होती. गुप्ता यांनी त्या व्यवहारात प्रेम घातलं. हे काम व्हिडिओचं नाही, पण नेटवर भावना परक्या हातांतून जाते हे त्यांनी फार लवकर ओळखलं. आणि ते कॅफेच्या गल्ल्यावर मी रोज करत होतो.

२३ एप्रिल २००५ला युट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा असलेला एक तरुण, १९ सेकंद. त्यानंतर दोनच वर्षांत कलावंत तिथे पोचले होते.

पेट्रा कॉर्टराइट या अमेरिकी कलावतीचा २००७चा व्हिडिओ दोन मिनिटांचाही नाही. नाव ‘वेबकॅम’, मात्र इंग्रजी डब्ल्यूच्या जागी दोन व्ही. स्वस्तातला एक वेबकॅम आणि त्याच्याबरोबर फुकट मिळणारे खेळ: पडद्यावर नाचणारे पिझ्झ्याचे तुकडे, मांजरं, विजा. कॉर्टराइट त्यांच्यामागे बसली आहे. चेहऱ्यावर काहीच नाही. डोळे पडद्यावर फिरतात, आपल्याकडे एकदाही येत नाहीत. पोस्ट करताना तिनं त्याला लोक जे शब्द सर्वाधिक शोधतात असे भलभलते शब्द जोडले होते. त्यामुळे कुठल्या कुठे जाणारी माणसं या निर्विकार चेहऱ्यावर येऊन आदळायची. काही वर्षांनी युट्यूबनं तो काढून टाकला.

मी दहा वर्षं गल्ल्यावर बसून पाठी बघितल्या. केबिनची तोंडं भिंतीकडे होती. गिऱ्हाइकाच्या खाजगीपणासाठी मी तशीच करवून घेतली होती. झुकलेले खांदे, हसल्यावर हलणारी मान, आणि कधी कधी बराच वेळ काहीच न हलणारी पाठ. ती पाठ समोरून कशी दिसते हे मला कॉर्टराइटच्या व्हिडिओनं पहिल्यांदा दाखवलं. दुःख नाही, आनंदही नाही. पुढचं काही तरी दिसेल म्हणून बसून राहिलेला चेहरा.

त्याच २००७ साली चीनच्या त्साव फेनं ‘आय मिरर’ हा २८ मिनिटांचा चित्रपट केला. तो सेकंड लाइफ या आभासी जगात चित्रित केला आहे, म्हणजे कॅमेराच नाही. तिचं तिथलं रूप ‘चायना ट्रेसी’ त्या निर्जन, श्रीमंत शहरांतून भटकतं, एका देखण्या तरुणाच्या रूपाला भेटतं आणि पुढे कळतं की त्या रूपामागे एक वृद्ध माणूस आहे. फसवणूक म्हणून ती हे दाखवत नाही. दोघं बोलत राहतात. इथे डोळे चितारलेले आहेत, त्यामुळे नजर बरोबर जुळते. आणि तरी तो चित्रपट पाहून घसा दाटतो.

आता ज्या कामासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तिकडे वळतो.

२००९. माझं कॅफे त्याच वर्षी बंद झालं. घराघरांत ब्रॉडबँड आलं होतं, हातात मोबाइल आले होते आणि आठपैकी सहा केबिन दिवसभर रिकाम्या राहू लागल्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत नॅटली बुकचिन या कलावतीनं ‘मास ऑर्नमेंट’ ही सात मिनिटांची कृती पुरी केली. मी ती दोन वर्षांनंतर घरच्या संगणकावर पाहिली आणि त्या रात्रीत पुन्हा पुन्हा पाहिली.

बुकचिन यांनी स्वतः काहीच चित्रित केलं नाही. आपापल्या खोलीत एकट्यानं नाचणाऱ्या माणसांचे युट्यूबवरचे शेकडो व्हिडिओ त्यांनी गोळा केले, छोट्या छोट्या चौकटींत ओळीनं मांडले आणि हालचालींशी हालचाली जुळवल्या. एकीनं पाय उचलला की शेजारच्या चौकटीत दुसरीचा उचलतो, मग पाच जणींचा, मग पुन्हा एकीचाच. एक जण हातांवर उलटा उभा राहतो, लगेच ओळभर माणसं उलटी. संगीत आहे १९३५च्या दोन चित्रपटांचं. एक हॉलिवुडचा ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३५’, ज्यात बझ्बी बर्कली यांनी नर्तकींच्या रांगांचे भव्य आकार रचले, आणि दुसरा नाझी पक्षाच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरचा प्रचारपट. त्या संगीताखाली खोल्यांचे आवाज राहू दिले आहेत. जमिनीवर पडणारी टाच, श्वास.

नाव घेतलं आहे जर्मन लेखक झीगफ्रीड क्राकाउअर यांच्या १९२७च्या निबंधावरून. टिलर गर्ल्स नावाची नर्तकींची पथकं तेव्हा लोकप्रिय होती. एका रेषेत उभ्या, एकाच क्षणी पाय उचलणाऱ्या. क्राकाउअर यांना त्या पायांत कारखान्यातल्या कामगारांचे हात दिसले. प्रत्येकीला आपल्यापुरती एक हालचाल माहीत, पूर्ण नक्षी कुणालाच दिसत नाही.

मी गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळलो आहे. तिथेही पावलं एकत्र पडतात. पण शेजारच्याचा घाम आपल्याला लागतो, ढोल सगळ्यांच्या छातीत एकदमच वाजतो, चुकलं तर मागचा खेकसतो. बुकचिन यांच्या ओळीतल्या माणसांना एकमेकांची खबरही नाही. ती जवळ आली आहेत ती फक्त संकलनाच्या टेबलावर. माझी नजर मात्र नाचण्यावरून मागे जात राहिली. पलंग, कपाटाचं दार, अर्धवट सारलेला पडदा. त्या खोल्या इतक्या एकमेकींसारख्या आहेत की थोड्या वेळानं ते एकच मोठं घर वाटायला लागतं, आणि त्या घरात प्रत्येक जण दार लावून बसलेला आहे.

याच वर्षी त्यांनी ‘टेस्टामेंट’ ही मालिका सुरू केली. तिचा एक भाग ‘लेड ऑफ’, म्हणजे कामावरून कमी केलेली माणसं. २००८च्या मंदीनंतर नोकरी गेलेल्यांनी वेबकॅमसमोर बसून आपली हकिगत सांगितली होती. बुकचिन यांनी ती माणसं काळ्या पार्श्वभूमीवर आडव्या ओळींत बसवली. एक जण बोलायला लागतो, मध्येच दुसरी तेच शब्द बोलते, मग तिघं, चौघं, आणि वाक्याचा शेवट पुन्हा एकट्याच्या तोंडी. दुसऱ्या एका भागात माणसं आपण घेत असलेल्या मनाच्या औषधांची नावं सांगतात. तीच नावं वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतात. समीक्षक त्याला ग्रीक नाटकातला कोरस म्हणतात. मला आमच्या गावची भजनाची ओळ आठवली. बुवा चरण म्हणतात, मागचे टाळकरी तो उचलतात, आणि दमलेल्या बुवांना तेवढ्यात श्वास घेता येतो. टाळकऱ्यांनी चरण उचलला की एकट्याचं गाऱ्हाणं सगळ्या मंडपाचं होतं. बुकचिन यांनी नेमकं तेच केलं. नोकरी जाणं ही आपल्या एकट्याची नामुष्की आहे असं वाटून जो रात्री कॅमेऱ्यासमोर बसला, त्याच्या मागे त्यांनी टाळकरी उभे केले. फक्त ते त्याला ऐकू येत नाहीत. आणि त्या ओळींतही मला तीच खाली गेलेली नजर दिसली, जी आमच्या काकूंना खुपली होती.

एक गोष्ट मला टोचते. ही माणसं संग्रहालयासाठी बोलली नव्हती. त्यांची वाक्यं मध्येच कापून दुसऱ्याच्या वाक्याला जोडण्याचा हक्क कुणाला? यावर मी स्वतःशी खूप वाद घातला. माझं मत असं झालं आहे की बुकचिन यांनी कुणालाही हास्यास्पद केलेलं नाही. एकाही चेहऱ्याकडे त्या वरून बघत नाहीत, आणि म्हणून ते काम मी मानतो. पुढे, २०१६च्या ‘लाँग स्टोरी शॉर्ट’साठी त्या स्वतः बाहेर पडल्या. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातली आश्रयस्थानं आणि अन्नवाटप केंद्रं अशा ठिकाणी शंभराहून अधिक माणसांशी गरिबीबद्दल बोलल्या आणि तीच कोरसाची रीत वापरली. ज्यांचे चेहरे नेटवर सापडत नाहीत त्यांच्यापर्यंत चालतच जावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

२००९च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या हिटो श्टायर्ल यांनी ‘गरीब प्रतिमे’ची बाजू घेणारा निबंध लिहिला. पुनःपुन्हा नक्कल होऊन, दाबून लहान केलेली, फुटकी, पण हातोहात फिरणारी चित्रं. ती कशी दिसतात हे पाहायचं तर मुंबईच्या कॅम्प या कलावंतगटाचा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा २०१३चा चित्रपट बघावा. कच्छच्या आखातातून निघून इराणच्या आखातात आणि सोमालियाच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या लाकडी गलबतांवरच्या खलाशांनी मोबाइलवर जे टिपलं, त्यातून तो बनला आहे. चित्र फाटतं, रंग विरघळतात आणि खलाशांनी स्वतः त्या चित्रांवर चढवलेली गाणी वाजत राहतात. बकऱ्यांनी भरलेलं गलबत आणि वर विरहाचं गाणं. इथे कॅमेरा एकट्या खोलीत नाही. धरणारा हात आणि समोरचा माणूस एकाच तांडेलाच्या हाताखालचे आहेत, म्हणून समोरचा माणूस सरळ कॅमेऱ्यात बघून हसतो. सगळ्या इतिहासात मला इथेच नजर जुळलेली दिसली.

नलिनी मलानी यांचं नाव घेतल्याशिवाय हे पुरं होणार नाही. १९६९ साली अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं, तेव्हा तिथे कॅमेरा हाताळायला धावलेल्या त्या तरुण चित्रकार. आणि त्याच मलानी वयाच्या सत्तरीनंतर आयपॅडवर बोटानं चित्रं काढून, ती हलती करून इन्स्टाग्रामवर टाकत होत्या. २०१८मध्ये कठुआत एका आठ वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचारानंतर त्यांनी केलेली अशी चलचित्रं ‘कॅन यू हिअर मी?’ या नावानं २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत भिंती भरून दाखवली गेली. बातमी वाचून सगळ्यांचं बोट पडद्यावर पुढे सरकतं. मलानी यांचं बोट तिथेच थांबून रेघ ओढतं.

हे लिहिताना एक भीती सतत सोबत आहे. या कलेचा कच्चा माल झपाट्यानं नाहीसा होतो आहे. लोकांची घरगुती संकेतस्थळं सांभाळणारं जिओसिटीज २००९च्या ऑक्टोबरमध्ये मिटलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, आणि काकूंचं याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ला. २०२०च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली. ती का आली आणि योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी शेताच्या बांधावर, चुलीपुढे, सासूला शेजारी उभं करून केलेलं जे काही त्यावर होतं ते भारतात एका रात्रीत दिसेनासं झालं. त्यातून आपली ‘मास ऑर्नमेंट’ कुणी करायची तर साहित्य कुठे आहे? मुंबईच्या त्याच कॅम्प गटानं इतर साथीदारांबरोबर २००८ साली ‘पॅड डॉट मा’ नावाचं संग्रहस्थळ उभारलं. तिथे पुऱ्या झालेल्या चित्रपटांऐवजी कच्चं चित्रण ठेवतात आणि मिनिटामिनिटाला टीप लिहितात की इथे कोण बोलतं आहे, मागे काय दिसतं आहे. इतकं नेटकं काम दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. पण ते किती पुरं पडणार?

माझ्या हातूनही नाश झाला आहे. दर रविवारी रात्री मी आठही मशीन स्वच्छ करायचो. गिऱ्हाइकं विसरून गेलेले फोटो, जतन केलेल्या गप्पा, वेबकॅमनं आपोआप साठवलेली चित्रं, सगळं पुसायचो. त्यांच्या खाजगीपणासाठी ते बरोबरच होतं आणि आजही मी तसंच करीन. पण ज्यांचं होतं त्यांना विचारून एक प्रत त्यांच्या हाती देता आली असती. ते मी कधी केलं नाही. २००९मध्ये सगळे मॉनिटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. सहा नंबरचा सगळ्यात वर होता, आणि टिकली त्याच्यावरच राहिली होती.

तुमच्या घरात माळ्यावर जुना संगणक असेल, ड्रॉवरमध्ये चार्जर हरवलेला मोबाइल असेल, परदेशातल्या मुलाबरोबर बोलतानाची एखादी अडखळती नोंद असेल, तर ती विकण्याआधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा. तारीख, गाव आणि कोण बोलतं आहे हे कागदावर लिहा. आणि ती कुणाला दाखवण्याआधी, तिच्यात जे बोलत आहेत त्यांना विचारा.